बिनालायसनची लेकरं

गावात सरकारी मान्यतेची बालवाडी पंधरा दिवसांत उभी करून दाखवीन, असं मी सुनेला सांगितलं तेव्हा मी ओल्या लुगड्यानं तुळशीपुढे उभी होते. अशा वेळी बोललेलं देव वाया जाऊ देत नाही, अशी माझी समजूत. त्यानं ते वाया जाऊ दिलं नाही, हेही खरं. फक्त त्याचं जे काही केलं, ते मला विचारून केलं नाही.

कोकिळा, माझी सून, मॅट्रिक पास. तिला धाड गावच्या शाळेत मास्तरणीची नेमणूक मिळाली. 'पंधरा दिवसांत रुजू न झाल्यास नेमणूक रद्द समजावी' असा कागद आला. माझा मुलगा मोतीराम मलकापूरला कापसाच्या जिनात कामाला, महिन्यातून दोनदा घरी येणारा. राहिला तीन वर्षांचा दिगू. त्याला दिवसभर कोण बघणार?

तुम्ही म्हणाल, आजी आहे ना घरात! आहे. पण आजीच्या मागे देव आहे. श्रावणात लाख बेल वाहायचा नेम, एकवेळ जेवण, पोथी, आणि दर सोमवारी सूर्य मावळेपर्यंत मौन. पाच वर्षांत एकदाही मोडलेलं नाही. या सगळ्यात दिगू आला की नैवेद्य देवाच्या आधी त्याला पोचतो. जपमाळेचे मणी तो चोखतो. बेलाची तीनशे पानं मोजून झाली की मदत म्हणून त्यात कडुनिंब कालवतो. कोकिळेनं मला 'तुम्ही सांभाळा' असं एकदाही म्हटलं नाही. तिनं म्हणायच्या आत मी बालवाडीचं बोलून टाकलं.

आधी गावातच एखादी बाई मिळते का ते पाहिलं. श्रावणात सगळ्या बायका निंदणीला. कलाबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "मी तुमचं लेकरू सांभाळत बसतो, माह्या पाळीनं निंदाले तुम्ही जाता का?" मान्यतेची बालवाडी होती ती थेट बुलडाण्याला. तिथली फी आणि दोन वेळचं एसटीचं भाडं धरलं, तर कोकिळेनं नोकरी फक्त दिगूला प्रवास घडवण्यासाठी केल्यासारखं झालं असतं.

मग मी तालुक्याच्या कचेरीत जाऊन अर्ज दिला. तिथल्या मुख्यसेविका बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि नियम सांगितला. अडीच ते पाच वर्षांची वीस मुलं त्यांच्या डोळ्यांना दिसली पाहिजेत. दिसली की जागेवर मान्यता. मग खेळणी सरकारची, दुधाची पावडर सरकारची, बाईचा पगारही सरकारचा. पालकांना एक पैसा नाही. पाहणी मंगळवारी. रुजू व्हायची मुदत गुरुवारी संपत होती. मी मनात हसले. वीस मुलं तर आमच्याकडं एका गल्लीतच सापडतात. मोजायची तर ती एका जागी उभी करणं एवढंच अवघड.

घोटाळा मी केला तो पोथीनंतर. मारुतीच्या ओट्यावर बायका जमल्या होत्या, त्यांना मी समजावून सांगितलं की कचेरीतल्या बाई येणार, इथं देवळात मुलं बघणार, मग मान्यता देणार. शेजारच्या विमलबाईनं विचारलं, मान्यता म्हणजे काय? तिला पाच मुलं, त्यातली तीन बालवाडीच्या वयाची. तिला नीट समजावं म्हणून मी म्हटलं, जसं रेडिओला लायसन लागतं ना, तसंच.

आता आमच्या सरपंचाचा, हिंमतरावांचा, रेडिओ साऱ्या गावाला माहीत. तो बिनालायसनचा. पोस्टाचा माणूस तपासणीला आला की रेडिओ ज्वारीच्या कणगीत जातो आणि माणूस गेला की पुन्हा गाऊ लागतो. लायसन या शब्दाचा आमच्या गावात एवढाच अर्थ. बाई येणार, लायसन बघणार, म्हणजे वस्तू लपवायची!

माझं वाक्य ओट्यावरून विहिरीवर गेलं आणि विहिरीवरून शेतात. विहिरीवर ते 'पोराले लायसन लागते' असं झालं. शेतात पोचेपर्यंत बिनालायसनचं पोरगं सापडलं तर जीपमध्ये घालून नेतात, असं झालं. चावडीच्या भिंतीवर दोन-तीन मुलं पुरेत म्हणून लाल त्रिकोण रंगवलेला होताच. तो पाहून कुणीतरी भर घातली की लायसन तिघांचंच मिळते. विमलबाई आपली पोरं पुन्हा पुन्हा मोजू लागली. पाचातली कोणती दोन द्यायची?

यातलं माझ्या कानावर काही आलं नाही. मी बेल मोजत होते.

आणि बाई आल्या त्या सोमवारीच! मंगळवारी जीप दुसऱ्या साहेबांना लागणार होती म्हणे. जीप नदीच्या उतारावर दिसली तशी मागच्या दारानं विमलबाई आली. काखेत एक, हाताला दोन, पदराला दोन.

"काकी, आज तुमचं मौन हाय न?"

मी मान हलवली.

"मंग बरं झालं. आज साऱ्या गावात तुम्हीच तेवढ्या कोणाले सांगनार नाही."

तिनं पाचही पोरं माझ्या कापसाच्या खोलीत कोंबली. श्रावणात ती रिकामीच असते. मागोमाग कलाबाई, तिच्या मागं आणखी बायका. मी दोन्ही हातांनी 'बाहेर न्या, देवळात न्या' असं सांगत होते. त्या म्हणाल्या, काकी आशीर्वाद देऊन राह्यल्या. सोमवारी घरच्यांशी बोलायला मी पाटी ठेवते, ती घेतली आणि ठळक लिहिलं, 'मुले देवळात न्या'. बायकांत माझ्याशिवाय वाचता येणारी एक कोकिळा, ती उद्याच्या पाहणीसाठी देवळात सतरंजी अंथरत होती. बायकांनी पाटीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मुलं ठेवून गेल्या. पाटी खाली ठेवली तेवढ्यात दिगूनं पेन्सिल खाऊन टाकली.

मोजली तर सव्वीस मुलं. कालवा असा की देवघरातले देव उठून जातील. मी ओठांवर बोट ठेवलं. जो गप्प बसेल त्याला शेंगदाण्याचा लाडू, असं हातानं दाखवलं. माझ्या उपासाचे होते ते. सव्वीस तोंडं एकदम मिटली. आयुष्यात माझा एवढा वचक कधी कुणावर बसला नव्हता.

इकडं देवळात बाई रिकाम्या सतरंजीकडं बघत बसल्या. मग हिंमतरावांना घेऊन त्या घरोघर निघाल्या. कुणाकडंच लेकरू नाही! विमलबाईच्या ओसरीवर पाळणा टांगलेला, त्यात दुपटं, दुपटं ओलं. ती म्हणाली, मांजर व्यालं आहे. हिंमतराव सरपंच, त्यांना खरं-खोटं सगळं ठाऊक; पण येत्या निवडणुकीत त्यांना विमलबाईच्या गल्लीची मतं हवी होती. तेही म्हणाले, हो, मोठ्ठं मांजर आहे.

शेवटी बाई माझ्या दारात. मागं कोकिळा, चेहरा उतरलेला. तिच्या मागं विमलबाई, हात जोडलेले.

"अर्जावर सही तुमचीच ना? मुलं कुठं आहेत?"

मी कापसाच्या खोलीकडं बोट केलं. लगेच विमलबाई पुढं आली. "तिकडं त्याइचा देव हाय बाई. सोवळ्यात हायेत. आंदर जाऊ नका म्हन्तेत."

बाई थांबल्या. भल्या होत्या, देवाधर्माला मानणाऱ्या. तेवढ्यात आतून कुणीतरी शिंकलं. बाईंनी विमलबाईकडं पाहिलं. ती म्हणाली, "पिल्लू असंल."

आता खरं सांगते. दार मला उघडता आलं असतं. नाही तर तीन शब्द पुरे होते, 'मुलं आत आहेत.' कोकिळा माझ्या तोंडाकडं बघत होती. तिला आत काय आहे ते माहीत नव्हतं, पण मी बोलले तर काहीतरी होईल, एवढं तिला कळलं होतं. ओठ उघडलेही होते. मग मनात आलं, पाच वर्षं! आता मोडलं तर गावातल्या बायका काय म्हणतील? मी ओठ मिटले आणि डोळेही. बाईंना वाटलं मी ध्यानाला बसले. त्यांनी मला नमस्कार केला, वहीत शेरा लिहिला आणि जीप निघून गेली. 'अडीच ते पाच वयाचे एकही मूल आढळले नाही. बालवाडीची आवश्यकता नाही.'

जीप नदीपार झाल्यावर बायका हसत मुलं न्यायला आल्या. खोलीचं दार उघडलं आणि एकामागून एक सव्वीस मुलं बाहेर पडताना कोकिळेनं पाहिली. ती देवळातली सतरंजी गुंडाळायला निघून गेली. सूर्य मावळला तशी मी विमलबाईला जे बोलले, ते पोथी वाचणाऱ्या तोंडाला शोभणारं नव्हतं. ती शांतपणे म्हणाली, "आमचं एकबी पोट्टं नेलं नाही, काकी. तुमच्या नेमाचं पुण्य!"

कोकिळेचं मौन मात्र सूर्यास्ताला सुटलं नाही. मंगळवारीही नाही. बुधवारी तिनं नेमणुकीचा कागद घडी करून ट्रंकेत टाकला आणि भाकरी थापता थापता एवढंच म्हणाली,

"मामीजी, सव्वीस लेकरं तुम्ही सांभाळली. मले तं एकच सांभाळून पाह्यजे होतं."

भाकरी तव्यावर फुगली आणि निवलीही. मी उठले, ट्रंकेतून कागद काढला आणि तिच्या पिशवीत ठेवला. गुरुवारी ती धाडला रुजू झाली.

दिगू माझ्याकडं. एकटाच असेल असं वाटलं होतं. पण नऊच्या सुमारास विमलबाई आली. "ते बाई परत आली तं? राहू द्या इथंच." मग कलाबाई. मग बाकीच्या. लायसनचं भय कुणाला उरलं नव्हतं. सकाळी पोरांना सोडून मोकळ्या हातानं निंदणीला जायची चटक लागली होती. पावडर नाही, खेळणी नाहीत, पगार नाही. लाख बेल चाळीस हजारांवर अडकलेत. देव अजून काही म्हणाला नाही.

काल कचेरीतून पत्र आलं. हिंमतरावांनी ते ओट्यावर मोठ्यानं वाचलं. कुटुंबनियोजनात आमच्या गावानं जे यश मिळवलं, तसं तालुक्यात दुसरं नाही. पाच वर्षांत गावात एकही बालक नाही! हे कसं साधलं, त्याची सविस्तर माहिती श्रीमती मनकर्णाबाईंनी, म्हणजे मी, इतर गावांच्या उपयोगासाठी आठ दिवसांत लिहून पाठवावी.

लिहायला तीनदा बसले. तिन्ही कागदांच्या होड्या झाल्या आहेत आणि नालीवर त्या कुणाच्या, यावरून सव्वीस जण भांडत आहेत.