सावलीची खोली

परळीतल्या आमच्या कॉलनीत कुणालाबी विचारा, एसटीत जागा निवडावी तर माणिकरावांनी. माणिकराव म्हणजे मीच. चाकावरची शीट कोणती, कुठली खिडकी अडकते, कुठल्या बाजूनं ऊन मारतं, हे सगळं मी गाडी फलाटाला लागायच्या आत सांगतो. लग्नाला निघालेली माणसं मला फोन करून विचारतात. थर्मलच्या वीजकेंद्रातून रिटायर झालो तेव्हा साहेब माझ्या कामाबद्दल थोडं बोलले आणि या गुणाबद्दलच जास्त बोलले.

तर आमच्या लेकीनं, पंचशीलानं, आम्हा नवराबायकोला बोटीची सहल भेट दिली. मुंबईहून गोवा आणि परत. पुण्याहून तिचा फोन आला, "पप्पा, बाल्कनीची खोली घेतेय. कुठली घेऊ ते तुमी सांगा. नकाशा पाठवलाय."

जाईचं, म्हणजे माझ्या बायकोचं, मागणं एकच होतं. समुद्र तिनं बघितलाय, पण सहा डिसेंबरला दादरच्या गर्दीत, पुढच्याच्या खांद्यावरून. ती म्हणाली, "आपल्याकडं सूर्य रोज थर्मलच्या चिमण्यांमागं जातो. एकदा मला पाण्यात बुडताना बघायचाय. आपण दोघं, हातात चहा. बाकी काय नको."

लग्नापासून या बाईनं माझ्याकडं काही मागितलेलं मला आठवत न्हाई. मला भरून आलं. म्हटलं, जाई, आता बघच.

मी नकाशा घेऊन बसलो. पुढच्या टोकाची खोली बाद, लाटा तिथंच आदळणार. मागच्या टोकाची बाद, मागच्या शीटवर कंबरडं मोडतं हे शेंबडं पोरगंही सांगेल. नाचगाण्याच्या हॉलखालची बाद. लिफ्टजवळची बाद, तिथं रात्रंदिवस वर्दळ. राहिली बरोबर मधली. आता बाजू. बोट मुंबईहून खाली गोव्याकडं जाणार, निघणार दुपार कलल्यावर, म्हणजे ऊन उजवीकडून.

"पंचशीला, डावी घे. डोळे झाकून डावी घे."

जाई बाजूलाच होती. "सूर्य दिसंल ना पण?"

"अगं, चहूकडं पाणी. सूर्य जाणार कुठं?"

खोली बाकी झकास निघाली. हलणं न्हाई, आवाज न्हाई. जाईनं नवी साडी नेसली, बाल्कनीत दोन खुर्च्या लावल्या, चहा मागवला. आणि सावली काय सांगू! कडुनिंबाखाली बसल्यासारखं गार. मी तिच्याकडं बघून मिशीला पीळ दिला.

समोर लांबवर किनाऱ्याचे डोंगर धूसर दिसत होते.

"अहो, सूर्य कुठं हाय?"

"येतोय."

डोंगर आधी निळे झाले, मग काळे झाले. बोटीच्या पलीकडच्या बाजूनं टाळ्यांचा आवाज आला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऊन टाळायचं म्हणून मी ऊन पाडणाऱ्यालाच टाळलं होतं.

जाई एवढंच म्हणाली, "जाऊ द्या." ती भांडली असती तर बरं वाटलं असतं. मला जेवण गोड लागंना.

पण जेवणाच्या हॉलमधेच माझं नशीब उघडलं. शेजारच्या टेबलावर एक पागोटेवाले गृहस्थ फोनवर पोराला झापत होते. "कावून घेतलीस बे असली खोली? समदं ऊन थोबाडावर! हे बघाया पैसे भरले का? ऊन आपल्या चौसाळ्यात कमी हाय का?"

चौसाळा म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यातलंच गाव. मी खुर्ची सरकवली. गहिनीनाथ त्यांचं नाव, मेंढरं राखण्यात हयात गेलेली. सोबत बायको बबिता. खोली आमच्या दारासमोरचीच, उजव्या बाजूची.

"पाहुणे, माझी सावलीची घ्या," मी म्हटलं.

त्यांनी डोळे बारीक केले. "आन् तुमी उन्हात कावून जाताय? खोलीत काय गडबड हाय?"

खोलीची नळ-बत्ती तपासून दाखवली, तेव्हा गडी तयार झाला. आम्ही किल्ल्या बदलल्या, बॅगा बदलल्या. जाईला म्हटलं, उद्याचा सूर्य तुझा.

दुसऱ्या दिवशी गोवा हिंडलो. बोट सुटली तशी जाई नव्या बाल्कनीत तीच साडी नेसून बसली. मी तिच्या तोंडावर ऊन पडायची वाट बघत उभा. पडेचना. आणि समोरच्या दारातून गहिनीनाथांची आरोळी आली, "फसवलं की हो पाहुणे! ऊन माज्या मागं मागं आलं!"

मला उमगायला जरा वेळच लागला. बोट परत निघाली होती. तोंड फिरलं तशी बाजूही फिरली होती. एसटीत मी हे झोपेत सांगितलं असतं.

"जाई, हलू नको, आलोच," म्हणून त्यांच्या दाराशी धावलो, तर ते कुलूप लावून बायकोसकट कुठंतरी निघून गेलेले. खाली काउंटरवर पळालो. "मॅडम, आमची जुनी खोली उघडून द्या."

तिनं कंप्युटर बघितला. "सर, तुमचीच खोली आहे ती. किल्ली लावा."

"किल्ली पाहुण्यांकडं हाय."

"मग ही किल्ली कुणाची?"

"पाहुण्यांची."

"पाहुणे कोण?"

"चौसाळ्याचे."

तिनं सिक्युरिटीला बोलावलं. त्यानं माझी किल्ली काढून घेतली आणि दुसऱ्याच्या खोलीत कसे शिरलात म्हणून विचारू लागला. बाहेर आभाळ तांबडं व्हायला लागलेलं. शेवटी मी हात जोडले. "दादा, चोर न्हाई मी. बायकोला सूर्य दाखवायचाय."

त्यानं जिन्याकडं बोट दाखवलं. "काका, त्यासाठी खोली कशाला? वर मोकळा डेक आहे. सगळी बोट तिथंच जमते."

मी जिना चढलो. वर जत्रा भरलेली. कठड्याशी, अगदी पुढच्या रांगेत, जाई बसली होती. पलीकडं बबिताबाई, त्यांच्याजवळ डोळ्यांवर पागोटं ओढलेले गहिनीनाथ. मी काउंटरवर अडकलो तेव्हा बबिताबाईच परत खाली जाऊन तिला हाताला धरून वर घेऊन आल्या होत्या. जाईचा चेहरा असा खुललेला मी लग्नातसुद्धा बघितला न्हवता.

"अहो, होता कुठं तुमी? किती माणसं उठवली मी इथनं!"

शेजारच्या खुर्चीवर तिनं माझा रुमाल टाकून जागा धरली होती.

मी रुमाल उचलून बसलो. सूर्य बुडाला होता. पण जागा एक नंबर होती.