अंगणातल्या आलुबुखाराची वाईन

इमारतीच्या अंगणातलं आलुबुखाराचं झाड तोडावं, असा विषय रहिवासी मंडळाच्या सभेपुढे आला, तेव्हा झाडाशी कुणाचं वैयक्तिक वैर नव्हतं. फळं पिकली की खाली पडतात, एवढाच त्याचा गुन्हा होता. ती नेमकी दाताच्या डॉक्टरांच्या पांढऱ्या गाडीवर पडत आणि टपावर जांभळे डाग उमटत. मंडळाचे सचिव पेशाने विमा एजंट. पडलेल्या फळावरून कुणी घसरलंच, तर काय काय मोडू शकतं, हे त्यांनी घोट्यापासून मानेपर्यंत क्रमाने सांगितलं. अध्यक्षबाई निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा देऊ नये या मताच्या असल्यामुळे त्यांनी खिडकीतून एकदा झाडाकडे पाहिलं. ते काही बोलेना, तेव्हा त्यांनी विषय मताला टाकायला सांगितलं.

तेवढ्यात मागच्या रांगेतून काटेकाका उठले. काका वजनमाप खात्यातले निवृत्त निरीक्षक. उभी हयात दुकानदारांचे तराजू तपासण्यात गेल्यामुळे अख्खी इमारत त्यांना याच नावाने ओळखायची. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी बरोबर झाडासमोर होती. लग्न करून या घरात आल्यापासून काका आणि काकू सकाळचा चहा त्या खिडकीशी बसून घेत आले होते. काकांचा त्या झाडावर जीव होता. पण सभेत हे सांगायची सोय नव्हती, कारण जीव जडणं हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर नव्हता.

"फळं खाली पडूच दिली नाहीत तर?" काकांनी विचारलं.

"सगळी?" सचिव म्हणाले.

"सगळी. पडायच्या आत मी उतरवतो."

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "एक हंगाम देऊ. जमिनीवर एक जरी फळ सापडलं, तरी झाड जाईल."

काका कामाला लागले. सकाळ-संध्याकाळ शिडीवर चढून ते एकेक फळ बोटाने दाबून बघायचे आणि मऊ लागलं की टोपलीत टाकायचे. टोपल्या स्वयंपाकघरात येत होत्या आणि काकू मुकाट्याने जॅम करत होत्या. सुरुवातीला शेजाऱ्यांनी जॅमची फार तारीफ केली. नंतर नंतर जिन्यात काका बरणी घेऊन येताना दिसले, की लोक काहीतरी विसरल्यासारखं करून घरात परत शिरू लागले. शेवटी बरण्या पलंगाखाली ठेवायची वेळ आली, तेव्हा काकूंनी पळी खाली ठेवली.

"आता या घरात एकतर जॅम राहील, नाहीतर मी."

"मग फळांचं काय करायचं?"

"वाईन करा. तिचं निदान एक बरं असतं. ती कुणाला द्यायची म्हटलं तर लोक पळून जात नाहीत."

काकांना हे पटलं. त्यांनी फळं धुतली, बिया काढल्या, मोठ्या पातेल्यात गर हाताने कुस्करला. वर गरम पाणी, मापात साखर. सगळं कोमट झाल्यावर यीस्ट घातलं आणि पातेल्यावर फडकं बांधलं. रोज लाकडी चमच्याने ढवळलं. गर वर येऊन फसफसायला लागला, तसा तो गाळून घेतला आणि रस निमुळत्या तोंडाच्या मोठ्या काचेच्या बरणीत भरला. बरणीच्या बुचातून एक रबरी नळी काढून तिचं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवलं. हवा बाहेर जाईल, आत येणार नाही. थोड्या वेळाने ग्लासात पहिला बुडबुडा आला आणि काका लहान मुलासारखे हसले.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. घरच्यापुरती वाईन करायला त्या मुलखात कुणाचीही परवानगी लागत नसे. लागत नसताना ती मागावी, हे फक्त उभी हयात इतरांच्या परवानग्या तपासलेल्या माणसालाच सुचू शकतं. काकांनी रहिवासी मंडळाकडे रीतसर अर्ज केला.

"तुम्हाला कुणी सांगितलंय का परवानगी घ्यायला?" काकूंनी विचारलं.

"नाही. पण उद्या कुणी विचारलं तर?"

"तर सांगा, घरात जॅमला जागा नाही."

पण काकांची गोष्ट वेगळी होती. आपण नियमात आहोत हे कागदावर आल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. अर्ज गेला आणि मंडळाची पंचाईत झाली. मंडळाकडे वाईनबद्दल काहीच धोरण नव्हतं. अर्ज आलाच नसता, तर धोरण नसल्याचं कुणाला कळलंही नसतं. आता मात्र विषयाचा अभ्यास करणं भाग होतं.

अभ्यासाला सुरुवात बुडबुड्यांपासून झाली. सचिवांनी मुद्दा काढला, की बरणी काकांच्या मालकीची आहे यात वाद नाही, पण बुडबुडा फुटल्यावर आतली हवा इमारतीच्या सामायिक हवेत मिसळते. सामायिक हवेत सर्व सभासदांचा समान वाटा असतो. तेव्हा पाहणी व्हायलाच हवी. पाहणीसाठी दाताच्या डॉक्टरांची नेमणूक झाली, कारण तोंडावर बांधायचा मास्क त्यांच्याकडे होता.

डॉक्टर मास्क लावून काकूंच्या स्वयंपाकघरात बरणीसमोर बसू लागले. काकू चहा देत, डॉक्टर मास्क हनुवटीवर ओढून तो पीत आणि पुन्हा वर करत. पहिले काही दिवस बुडबुडे भराभर येत होते. मग वाईनच्या रीतीप्रमाणे त्यांचा वेग कमी झाला. मंडळाला हे खटकलं. पाहणी सुरू होताच बुडबुडे मंदावतात, याचा अर्थ काहीतरी लपवलं जात आहे. काकांनी खुलासा करावा, असं ठरलं.

"साखर संपत आली की तसंच होतं," काका म्हणाले.

"साखर संपली कशी? दक्षता घ्यायला नको?" सचिवांनी विचारलं.

"ती संपायलाच हवी. तिचीच वाईन होते."

"म्हणजे पुरावा वाईनच पिऊन टाकते," सचिव म्हणाले आणि गंभीर झाले.

शेवटी बुडबुडे पूर्ण थांबले. काकांनी वरची निवळ वाईन नळीने अलगद दुसऱ्या बरणीत ओढून घेतली आणि गाळ तळाशी राहू दिला. ती आणखी काही महिने मुरवायची, मग बाटल्यांत भरायची, असा त्यांचा बेत होता. पण मंडळाला तोवर थांबणं शक्य नव्हतं. उतरवलेली फळं कुठेतरी जायलाच हवीत, म्हणून झाडाचा निर्णय वाईनवर अवलंबून, वाईनचा परवानगीवर आणि परवानगीचा चवीवर. मंडळ, म्हणजे अध्यक्षबाई, सचिव आणि डॉक्टर, काकांच्या स्वयंपाकघरात जमलं.

वाईन अजून कोवळी होती. खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आणेल इतकी आंबट होती. काकांना ते ठाऊक होतं, म्हणून त्यांनी ग्लास अर्धेच भरले. झाड आज जाणार, हे ते मनोमन धरून चालले होते. तिघांनी घोट घेतला. सगळे डॉक्टरांकडे बघत होते, कारण तोंड हा त्यांचा प्रांत.

"जिभेच्या कडेला काहीतरी होतंय," डॉक्टर म्हणाले.

"काय?"

"आंबट म्हणणं ढोबळ होईल. ज्यांना वाईनमधलं कळत नाही, ते म्हणतील आंबट."

सचिव आंबट म्हणणारच होते. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि मान डोलावली. अध्यक्षबाईंचं मत पडलं, की दुसरा घोट घेतल्याशिवाय पहिल्यावर निकाल देणं न्यायाला धरून होणार नाही. दुसरा झाला. मग पहिल्या दोन घोटांची तुलना करता यावी म्हणून तिसरा झाला. उठायच्या वेळेपर्यंत तिघांनाही वाईनमधलं कळू लागलं होतं. सचिवांना तर त्यात जुन्या लाकडाचा सुगंध आला, आणि तो काकूंच्या चमच्याचा होता हे सांगायचा आगाऊपणा कुणी केला नाही.

परवानगी मिळाली. झाड वाचलं. नुसतं वाचलंच नाही, तर मंडळाने त्याला इमारतीचा मानबिंदू म्हणून जाहीर केलं आणि त्याच्याभोवती छोटं कुंपण घातलं. डॉक्टरांनी आपली गाडी स्वतःहून पलीकडे लावायला सुरुवात केली. काकांनी त्या दिवशी खिडकीशी बसून दोनदा चहा घेतला. इतका आनंद त्यांना बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

गोष्ट इथे थांबायला हरकत नव्हती. पण वाईन मुरली आणि खरोखरच चांगली झाली. बाटल्यांवर "अंगणातल्या झाडाची" अशी चिठ्ठी लागली. डॉक्टरांनी ती पाहुण्यांना दिली, सचिवांनी बड्या ग्राहकांना, अध्यक्षबाईंनी माजी विद्यार्थ्यांना. विकतची वाईन पिणाऱ्यांकडे इमारतीतले लोक दयेने बघू लागले. प्रत्येक घराला आपला हिस्सा हवा झाला. काकूंच्या स्वयंपाकघरात बरण्यांच्या मधून वाट काढत चुलीपर्यंत जावं लागे. एका सकाळी त्यांनी पुन्हा पळी खाली ठेवली आणि काकांना न सांगताच समजलं.

वाईनसाठी स्वतंत्र खोली बांधायचं ठरलं. गच्चीवर ऊन, तळघरात ओल. गाड्यांच्या जागेला हात लावायचा विषयच नव्हता, कारण तिथे गाड्या होत्या. उरलं अंगण. मोजमापाचं काम साहजिकच काकांकडे आलं. त्यांनी फीत धरून सगळीकडून माप घेतलं, पुन्हा घेतलं आणि फीत गुंडाळली.

"बसते का खोली?" सचिवांनी विचारलं.

हातभर इकडेतिकडे सांगितलं असतं, तरी कुणी तपासलं नसतं. पण काकांच्या तोंडून आजवर खोटं माप गेलं नव्हतं.

"बसते," ते म्हणाले. "पण मध्ये झाड येतं."

सभेच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात ग्लास होता. सचिवांनी कळकळीने सांगितलं, की झाडाचा आदर राखायचा तर झाडाच्या वाईनला योग्य जागा मिळायलाच हवी. सगळ्यांना ते पटलं. काहींना तर भरून आलं. अध्यक्षबाईंनी विचारलं, "विरोधात कुणी?"

काकांनी हात वर केला. एकट्यानेच.

"तुम्हाला नाही मत देता यायचं," अध्यक्षबाई मायेने म्हणाल्या. "वाईनसाठी अर्ज तुमचाच आहे. अर्जदाराने स्वतःच्याच अर्जाला विरोध करायचा, हे कुठल्या नियमात बसतं, तुम्हीच सांगा."

काकांनी आठवून पाहिलं. कुठल्याच नियमात बसत नव्हतं. त्यांनी हात खाली घेतला. ठराव एकमताने मंजूर झाला.

खोली छान झाली आहे. भिंतीवर झाडाचा मोठा फोटो आहे. दर हंगामात सचिवांची गाडी बाजारातून आलुबुखाराच्या पेट्या भरून आणते आणि काका मन लावून वाईन करतात, कारण वाईनवर राग काढावा असा त्यांचा स्वभाव नाही. चिठ्ठी मात्र बदललेली नाही.

उद्घाटनाला तुम्हीही आला होतात. आठवत असेल. पेट्यांतल्या फळांची पहिली बाटली उघडून काकांनी स्वतः तुमचा ग्लास भरला. तुम्ही घोट घेतलात, डोळे मिटलेत आणि जवळच्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणालात, "बाजारच्या फळाला ही चव येत नाही. अंगणातलं झाड लगेच कळतं." काका तुम्हाला काहीतरी सांगणार होते. त्यांनी तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात तुम्ही ग्लास पुन्हा पुढे केलात.