कानसेनांचा डावा कान

पाणीपुरवठा खात्यात हातापायांनी काम करणारी माणसं पुष्कळ होती. नुसत्या कानाने काम करणारा मात्र एकच! सगळे त्यांना कानसेन म्हणत.

त्यांचं काम असं, की रस्त्याखालचा नळ कुठे फुटलाय ते वरून ऐकून सांगायचं. हातात छातीइतकी उंच लोखंडी सळई, तिच्या वरच्या टोकाला लाकडी वाटी. सळई रस्त्यावर टेकवायची, वाटीला डावा कान लावायचा, डोळे मिटायचे. खाली गळती असेल तर 'सूंऽऽ' असा आवाज येतो. तो आला की कानसेन खडूने फुली मारत आणि मुकादमाची माणसं तिथे खणत. बावीस वर्षांत एकही खड्डा कोरडा निघाला नव्हता. हे कानसेन स्वतःच सांगत. कुणी विचारलं नाही तर जरा जास्तच सांगत.

"अशा कानांना बाजारातले साधे इअरफोन लावणं म्हणजे त्यांचा अपमान आहे!" एका रविवारी त्यांनी जाहीर केलं.

बायको शाळेत गणित शिकवायची. वह्या तपासताना मान वर न करता तिने विचारलं, "कानांनी तशी तक्रार केलीय का?"

पण कानसेन ठरवून बसले होते. त्याच सकाळी ते दुकानात हजर झाले. दुकानदाराने काचेच्या कपाटातून कानाच्या आत बसणाऱ्या भारी इअरफोनच्या तीन जोड्या काढल्या. पहिली लावून कानसेन म्हणाले, "छे! ढोल बैठकीत आणि बाई स्वयंपाकघरात. हाका मारल्यासारखी गातेय." दुसरी लावली. "हिच्यात प्रत्येक 'स' म्हणजे कुकरची शिट्टी!" तिसरी लावली आणि मग ते गाणं संपेपर्यंत डोळे मिटून बसले. डोळे उघडले तेव्हा ते ओले होते.

"व्हायोलिनवाल्याची खुर्ची करकरली," ते कुजबुजले.

दुकानदार घाबरला. "तो दोष रेकॉर्डिंगचा आहे हो."

"दोष? अहो, अठरा वर्षं हे गाणं ऐकतोय. तो माणूस बसून वाजवत होता हे आज कळलं मला! बांधा हेच."

घरी आल्यावर डबीतून इअरफोनच्या टोकांना चढवायच्या बोंडांचं एक पाकीट निघालं. लहान, मध्यम, मोठी, दुहेरी, आणि स्पंजाची. बोंड कानात घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर खर्ज बाहेर गळतो, असं दुकानदाराने बजावलं होतं. गळतो! हा शब्द कानसेनांना जिव्हारी लागला. उभं आयुष्य लोकांच्या गळत्या शोधण्यात गेलं आणि आता खुद्द आपल्या कानात गळती? त्यांनी एकेक बोंड चढवून पाहायला सुरुवात केली.

"कान आहेत की कुलपं?" बायको म्हणाली. "किती किल्ल्या लावून बघाल?"

शेवटी स्पंजाचं बोंड पसंत पडलं. चिमटीत दाबून बारीक करायचं, आत सारायचं, की ते आपोआप फुगून बसतं. कानसेनांनी डावं बोंड असं काही आत सारलं, की मेंदूने थोडं सरकून जागा दिली असावी. मग दुपारभर ते स्वर्गात होते. मध्येच उजवी बाजू काढून त्यांनी बायकोच्या कानाला लावली.

"ऐक हं. गायच्या आधी ती श्वास घेते... आत्ता!"

बायकोचं लाल पेन थांबलं. "अगंबाई! खरंच की. दमलेली वाटते बिचारी." आणि एक आख्खं गाणं दोघं डोक्याला डोकं लावून ऐकत राहिली.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. कानसेनांनी घाईघाईत इअरफोन ओढले. इअरफोन बाहेर आले. डावं बोंड आतच राहिलं.

मंडळी, हे तुम्हाला कळलं. त्यांना कळलं नाही. दुपारभर बोंड वागवलेल्या कानाला ते आत आहे की बाहेर, काही उमगतच नव्हतं. बायकोने विचारलंसुद्धा, "अहो, याचं डावं बोंड कुठाय?" पण ती उभी होती त्यांच्या डाव्या बाजूला.

"गोड? गोडच आहे! फारच गोड!" कानसेन म्हणाले. बायको निमूटपणे वह्यांकडे वळली.

सोमवारी तक्रार आली. शिंप्याच्या गल्लीत नळाला पाणी करंगळीएवढं. कानसेन सळई घेऊन निघाले. पहिल्याच जागी वाटीला डावा कान लावला आणि दचकले. 'सूंऽऽ' कसलं? खाली नदी वाहत होती!

आता बुजलेल्या कानात माणसाला स्वतःचंच रक्त वाहताना ऐकू येतं, हे कुठलाही कानाचा डॉक्टर सांगेल. पण कानसेनांना आजवर डॉक्टरची गरज पडली होती कुठे?

"मुकादम! मोठी गळती! खणा!"

खणलं. नळ धडधाकट, माती पिठासारखी कोरडी. मुकादमाच्या भुवया वर गेल्या.

"आवाज सरकलाय," कानसेन ठामपणे म्हणाले आणि थेट शिंप्याच्या दारात फुली मारली.

"अहो, आत गिऱ्हाईक आहे!" शिंपी ओरडला. "बाहेर कसं यायचं त्याने?"

"पाच मिनिटांत पाणी दाखवतो!"

पाच मिनिटांचे दोन तास झाले. खड्डा कोरडा. गिऱ्हाईकाने आतल्या आत दुसऱ्या सदऱ्याचंही माप देऊन टाकलं. मग लाँड्रीसमोर तिसरा खड्डा. कोरडा! कानसेन घामाघूम झाले. जिथे सळई टेकवावी तिथे पाणी खळाळत होतं. "मुकादम, अख्खी गल्ली फुटलीय!"

संध्याकाळी इंजिनियरसाहेब आले. फळीवरून तोल सावरत त्यांनी तिन्ही खड्डे पाहिले.

"ही गल्ली आहे की चाळणी?"

"साहेब, आवाज येतोय हो!"

"आवाज माझ्या फोनवर येतायत, लोकांचे! उद्या दुपारपर्यंत गळती सापडली नाही, तर परवापासून तुम्ही मीटर वाचायला जायचं."

मीटर! म्हणजे डोळ्यांचं काम! कानसेनांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. इअरफोनला तर त्यांनी हातही लावला नाही.

सकाळी ते गल्लीत आले तेव्हा मुकादम वाटच पाहत होता. त्याने सळई घेतली आणि शिंप्याच्या दुकानातल्या लाकडी पुतळ्याच्या पोटावर टेकवली. "जरा ऐका बरं."

कानसेनांनी कान लावला. चेहरा पडला.

"काय? यालाही गळती?"

"...आहे," कानसेन हळूच म्हणाले.

शिंप्याने पुतळ्याच्या अंगावरचा नवा कोट तेवढ्यात काढून घेतला. उगाच भिजायला नको.

"नळ नाही फुटला, तुमचं काहीतरी फुटलंय," मुकादम म्हणाला. "चला माझ्याबरोबर."

कानाच्या डॉक्टरबाईंनी बारीक दिवा लावून आत पाहिलं, चिमटा घातला आणि करड्या स्पंजाचा तुकडा बाहेर काढला. त्याबरोबर सगळं जग कानसेनांच्या अंगावर धावून आलं. पंख्याची कुरकुर, बाहेर कुणाच्या तरी चपला, शेजारच्या खोलीत पान उलटल्याचा आवाज!

"हे काय आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"इअरफोनचं... बोंड."

"बरं. काम काय करता आपण?"

"पाण्याच्या खात्यात आहे."

"तिथे काय?"

कानसेनांनी मुकादमाकडे पाहिलं. मुकादम छताकडे बघत होता.

"यांच्या हाताखाली," कानसेन म्हणाले. "खणायला."

बारा वाजायला आले होते. गल्लीत परतून कानसेनांनी सळई टेकवली. शांत! पुढे गेले. शांत! एवढी शांतता, की त्यांनी वाटीवर टिचकी मारून कानाची खात्री करून घेतली. शिंप्याच्या दारापाशी मात्र कुठूनतरी बारीक 'सूंऽऽ' आलं. ते आवाजामागे गेले, थांबले, परत मागे आले, आणि मान खाली घालून उभे राहिले.

"मारा की फुली," मुकादम म्हणाला.

"मारता येत नाही."

"का?"

"गळती त्या ढिगाऱ्याखाली आहे."

तिन्ही खड्ड्यांची माती त्यांनी तिथेच रचली होती. माणसभर उंचीचा ढीग! खणणाऱ्या चौघांनी कानसेनांकडे असं पाहिलं, की त्यांनी मुकाट्याने पाचवं फावडं उचललं. ढीग हटला, खाली खणलं. साहेब येऊन पोहोचले आणि त्याच क्षणी खालून पाण्याची चिळकांडी उडाली ती थेट त्यांच्या चष्म्यावर.

"सापडली, साहेब!" कानसेन ओरडले.

"दिसतंय," चष्मा पुसत साहेब म्हणाले. "म्हणजे, आत्ता दिसत नाहीये. पण कळलं."

मीटरचं संकट टळलं. पुढच्या आठवड्यात साहेबांनी कानसेन आणि मुकादम दोघांना बोलावलं. टेबलावर नवंकोरं यंत्र होतं. जमिनीवर ठेवायची एक तबकडी आणि तिला जोडलेले वाडग्यांएवढे मोठे हेडफोन.

"गळती ऐकायचं यंत्र. तीन प्रकार आले होते, त्यातून मी तुमच्यासाठी हे निवडलं. का, सांगा?"

कानसेन खुलले. "आवाज स्वच्छ असणार!"

"आवाजातलं मला काही कळत नाही. पण हे कानावर बसतं. आत काहीच जात नाही."

कानसेनांनी मुकादमाकडे वळून पाहिलं. मुकादम एकदम खिडकीबाहेरची झाडं मोजायला लागला. मग कानसेनांनी ते हेडफोन गुपचूप कानांवर चढवले आणि साहेब पुढे जे काही बोलले, हसले, ते आपल्याला अजिबात ऐकू येत नाहीये असा चेहरा करून बसून राहिले.