बोटीची जमीन

"चार हजार डॉलर? जमीन बदलायला? अरे केंट, मी बोटीची जमीन म्हणतोय, तळ्याकाठची नव्हे!"

व्हर्लिन हॉगनने बोटी दुरुस्त करणाऱ्या केंटला असं काही सुनावलं, की दुसरा कुणी असता तर दुकानच बंद करून गेला असता. पण मिनेसोटातल्या माणसाला समोरचा शतमूर्ख वाटला, की तो फक्त "बरं, तसंही चालेल" म्हणतो. केंट म्हणाला, "बरं, तसंही चालेल."

"आठशेत करून दाखवतो!" व्हर्लिन म्हणाला. तो जन्मभर धान्याच्या कोठारावर वजनकाटा बघायला होता. तेव्हा सुतारकामाचा अनुभव दांडगाच म्हणायचा!

आता पाँटून बोट म्हणजे काही जहाज नव्हे. ॲल्युमिनियमची दोन लांबलचक पोकळ नळकांडी, त्यांवर प्लायवूडची जमीन, जमिनीवर गालिचा, गालिच्यावर सोफे आणि सोफ्यांवर नातेवाईक. व्हर्लिनच्या बोटीचं प्लायवूड कॉफीत बुडवलेल्या टोस्टासारखं झालं होतं. गेल्या उन्हाळ्यात मेहुणी आर्डिस बटाट्याच्या सॅलडचं भांडं घेऊन उठली आणि तिचा एक पाय थेट गुडघ्यापर्यंत जमिनीत गेला. सॅलड वाचलं. आर्डिसने मात्र त्यानंतर बोटीवर पाऊल ठेवलं नाही, आणि चर्चमधल्या एकाही बाईला ही हकीकत सांगायची बाकी ठेवली नाही.

तिच्या लग्नाला या जुलैत चाळीस वर्षं होत होती. व्हर्लिनच्या बायकोने, मार्लिसने, बजावलं, "मेजवानी आपल्या बोटीवरच होणार. बहिणीपुढे माझं नाक कापलं जाता कामा नये, व्हर्लिन!"

"अगं, नाचाल तुम्ही त्या जमिनीवर!"

मदतीला साडू लाइल आला, म्हणजे आर्डिसचा नवरा. स्वतःच्याच मेजवानीचं व्यासपीठ बांधायला त्याला जुंपलं होतं, पण तो तक्रार करणाऱ्यांतला नव्हता. चाळीस वर्षं त्याने तेवढाच तर सराव केला होता.

जमीन काढायची तर आधी सोफे काढा. सोफे काढायचे तर कठडे काढा. कठड्यांचे बोल्ट असे गंजलेले, की ते कापायला मशीन विकत आणावं लागलं. मशीनने बोल्ट कापले आणि उत्साहाच्या भरात सुकाणूची केबलही कापली. केबल नवी आणली. सोफे अंगणात भिजले, म्हणून त्यांचं रेक्झिन नवं आणलं.

मार्लिसने पावत्या बघितल्या. "आठशेत होणार होतं ना?"

"जमीन आठशेतच झाली की! हे बाकीचं जमिनीत धरायचं नसतं."

शेवटी नवंकोरं प्लायवूड बसलं. व्हर्लिनने स्क्रूंचा डबा उघडला तेव्हा लाइल जरा बिचकला. "व्हर्लिन, एवढे लांब?"

"मग? पकड नको? तुझा संसार काय आखूड स्क्रूंवर टिकला?"

लाइल एक स्क्रू बोटांत फिरवत राहिला. बहुधा तो खरंच विचार करत होता.

दोघांनी बोट पाण्यात उतरवून एक फेरी मारली. बोट हंसासारखी तरंगली. व्हर्लिन मुद्दाम केंटच्या धक्क्याजवळून गेला आणि विनाकारण भोंगा वाजवला.

मेजवानीच्या दुपारी बारा-तेरा पाहुणे, मांस-बटाटे घालून भाजलेल्या गरम हॉटडिशच्या परातींमागून पराती आणि एक भलामोठा केक बोटीवर चढला. आर्डिस शेवटी आली. तिने बुटाच्या टोकाने जमीन चाचपली, टाच आपटली, मग दोन्ही पायांनी छोटीशी उडी मारली.

"घट्ट आहे हं," ती म्हणाली. आर्डिसच्या तोंडून याहून मोठी स्तुती कुणी ऐकली नव्हती. मार्लिसने नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी पाहिलं असेल. व्हर्लिनची छाती लाइफ जॅकेटात मावेना.

बोट तळ्याच्या मध्यापर्यंत गेली असेल नसेल, आर्डिस म्हणाली, "मार्लिस, माझे बूट ओले कसे झाले?"

"दव पडलं असेल!" व्हर्लिन सुकाणूवरून ओरडला.

"भर दुपारी?"

तेवढ्यात डावा कोपरा हळूच खाली गेला. "सगळे उजवीकडे या!" व्हर्लिनने फर्मान सोडलं. सगळे उजवीकडे आले. मग उजवा कोपराही गेला. कुणी किंचाळलं नाही. लाइल तेवढा म्हणाला, "जरा खाली खाली वाटतंय, नाही का?"

व्हर्लिनने बोट सरळ किनाऱ्याकडे हाणली. पण किनाऱ्याअलीकडेच ती वाळूवर टेकली. पाहुणे गुडघाभर पाण्यात, हातात ताटं धरून, रांगेत उभे. केक आपल्या डब्यासकट शेजाऱ्यांच्या धक्क्याकडे निघून गेला.

बोट बुडालेली व्हर्लिनलाही दिसत होती. पण तोंड कुठे ऐकतंय! त्याने पाण्यातच धपाधप पाय आपटले. "पण बघा, जमीन दबतेय का कुठे?"

मार्लिस काही बोलली नाही. घरी जाईपर्यंत बोलली नाही, रात्रीच्या जेवणालाही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी केंटने बोट ओढून दुकानात आणली; मागोमाग व्हर्लिन आणि मार्लिसही आली. खाली वाकून त्याने बराच वेळ न्याहाळलं. स्क्रू जमीन फोडून खालच्या नळकांड्यांत आरपार गेले होते. दोन माणसांच्या वजनाला भोकं पाण्याच्या वर राहिली होती. सगळं गणगोत चढलं तेव्हा ती पाण्याखाली गेली.

"जमीन मात्र झकास बसवलीय," केंट म्हणाला.

व्हर्लिनने मान किंचित वर केली.

"पण नळकांडी दुरुस्त करायची तर ती सगळी उखडावी लागेल. परत बसवणार कोण? तुम्हीच का?"

व्हर्लिनने तोंड उघडलं, पण त्याआधी मार्लिस बोलली.

"तूच बसव, केंट. ह्याला त्या दिवशी काम आहे."

"कोणत्या दिवशी?" केंटने विचारलं.

"तू म्हणशील त्या दिवशी!"