लखाजी मिस्त्रीची घोरपड

लखाजी मिस्त्री भेटला की आधी तुमच्या मनगटाला उलटा हात लावायचा. नमस्कार नंतर. "आज गरम आहा गुर्जी," नाहीतर "थंडे लागता," एवढं म्हणून झालं की मग तब्येतीची चौकशी. एकदा शाळेच्या तपासणीला आलेल्या साहेबांनाही त्याने असाच हात लावला. साहेब रस्त्यात उभे राहून शिस्तीवर बोलत होते. "साहेब, भाप चढली तुमाले, पाणी प्या," लखाजी म्हणाला. साहेबांना असं मध्येच थांबवणारा तो पहिलाच असावा.

आंधळगावच्या एका राइस मिलमध्ये तो उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाचा मिस्त्री होता. धान भिजवायचं, वाफेवर धरायचं, वाळवायचं आणि मग भरडायचं. "भाप सगळीकडं सारखी लागली पायजे," हे त्याचं पालुपद. एखाद्या कोपऱ्यातला दाणा कच्चा राहिला की तो भरडताना तुटतो. धानाच्या बाबतीत हे अगदी खरं होतं. लखाजी ते बाकीच्या सृष्टीलाही लावायचा.

त्यामुळे त्याच्या घरी काही टिकत नसे. थंडी बाधेल म्हणून तुळशीला ओला बारदाना गुंडाळला, ती कुजली. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या टोपलीभोवती गरम राख रचली, तर कोंबडी अंडी सोडून आमच्याकडे राहायला आली. बायको पार्बताबाई अकरा वर्षांपूर्वी एकोडीला भावाकडे गेली ती गेलीच. हमाल त्याच्या तोंडावर म्हणत, "मिस्त्री, तुमच्या घरी तं उंदीरही मुक्कामाले येत नाही." तो हसायचा. मी शेजारी राहत असल्यामुळे हसून झाल्यानंतरचं तोंडही मला दिसायचं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. मिलमागचा तुसाचा ढीग हलवताना त्यातून घोरपडीचं पिल्लू निघालं. शेपटीसकट दीड वीत, अंगावर पिवळे ठिपके. हमालांनी रश्शाच्या दृष्टीने त्याच्याकडे पाहिलं आणि आकार बघून नाद सोडला. फावडं लागून त्याचा एक पाय दुखावला होता. लखाजीने ते दुपट्ट्यात बांधून घरी आणलं आणि मला हाक मारली.

"गुर्जी, हे जगाले पायजे. माह्या घरी एक तरी जीव जगाले पायजे."

आम्ही दोघं जनावरांच्या दवाखान्यात गेलो. तिथल्या गृहस्थांनी आम्हाला रजिस्टर उघडून दाखवलं. गाय, बैल, म्हैस, शेळी, कोंबडी असे रकाने होते. घोरपडीला रकानाच नव्हता, सबब तिला आजारी पडण्याची सोय नव्हती.

मग लखाजीने आपल्या अकलेने तिचं घर बांधलं. चहाच्या पानांचं रिकामं लाकडी खोकं चार विटांवर ठेवलं. आत ओलं पोतं, पाण्याचं परळ. खाली दोन मडक्यांत पेटवलेलं तूस. ते आतल्या आत धुमसत राहतं, रात्रभर ऊब देतं. वर घट्ट झाकण. उलट्या हाताने तो चारी कोपरे तपासायचा. चारी सारखे लागले की त्याचा चेहरा खुलायचा.

पिल्लू मात्र खाईना. आत सोडलेली झुरळं त्याच्या पाठीवरून फिरत. तोंड उघडं टाकून, गळा धडधडवत ते पडून राही. लखाजीला वाटलं, ऊब कमी पडते. त्याने तूस वाढवलं. मी पुस्तकं वाचणारा माणूस. मी म्हणालो, वरून थोडं कोमट पाणीही शिंपडून बघा.

पाचव्या दिवशी त्याने पिल्लू उचललं तर शेपटी दोरीसारखी लोंबली. लखाजी त्या दिवशी मिलमध्ये गेला नाही. झाकण बाजूला टाकून तो नुसता खोक्याशी बसून राहिला. तूस घालायचं भान त्याला राहिलं नाही. दुपारी एक मडकं विझलं.

आणि पिल्लू हललं. दुखरा पाय ओढत ते विझलेल्या मडक्याच्या बाजूला सरकलं. परळाच्या काठावर हनुवटी टेकून पडलं. घटकाभराने पुन्हा उबेकडे आलं. मग पुन्हा तिकडे. तिसऱ्या खेपेला वाटेत आलेलं झुरळ त्याने गिळलं.

लखाजीच्या हाकेने मी धावत गेलो. दिवस मावळेपर्यंत आम्ही त्या खोक्यात बघत बसलो. ते विझलेलं मडकं त्याने पुन्हा पेटवलं नाही.

"मी त्याले धानासारखं उसनत होतो, गुर्जी," तो म्हणाला. नजर खोक्यातच होती. "पार्बतालेबी मी असंच ठेवलं. सर्दी होईल म्हणून मंडईच्या जत्रेतलं नाटक पाहाले जाऊ देल्लं नाही. ऊन लागंल म्हणून ओट्यावर बसू देल्लं नाही. कधी हात नाही उगारला, कधी काही कमी नाही पडू देल्लं. पण तिले सरकाले जागाच नव्हती."

मी उपदेश न करता परळात पाणी भरलं. मास्तर लोकांना हे क्वचितच जमतं.

पिल्लू जगलं. फाल्गुनात चांगलं हातभर झालं. लखाजीने झाकणाचं सरपण करून टाकलं. दिवसा ते परसात हिंडायचं, ऊन उतरलं की खोक्यात परतायचं. हमाल एकेकटे येऊन बघून जात. त्यांना घोरपड दाखवताना लखाजीचा आवाज जावई दाखवणाऱ्यासारखा व्हायचा.

चैत्रात एका संध्याकाळी ते आलं नाही. दुसऱ्याही नाही. मी म्हणालो, तलावाच्या पाळीवर बघून येऊ. लखाजी म्हणाला, "राहू द्या. बरं झालं म्हणून गेलं."

त्यानंतरच्या रविवारी तो दाढी करून, धुतलेलं धोतर नेसून एकोडीला गेला. सकाळची बस धरली. कशाला जाता, असं मी विचारलं नाही. पण परतीच्या बसची वेळ झाली तशी माझी बायकोही काम नसताना दारात येऊन उभी राहिली.

तो एकटाच उतरला. आमच्या ओट्यावर बसून त्याने तांब्याभर पाणी संपवलं. पार्बताबाई बरी आहे, म्हणाला. केस पिकले. घोरपडीची सगळी हकिगत तिने ऐकून घेतली, पाय बरा झाला का तेही विचारलं. मी कोमट पाणी शिंपडायला सांगितलं होतं, त्या ठिकाणी ती हसली म्हणे.

"मग मी म्हटलं, चाल घरी. तुह्या मनानं राह्य."

"मग?" माझ्या बायकोने विचारलं.

"ती म्हणे, जेवून जा."

लखाजीने तांब्या उपडा करून ठेवला.

"मंग काय, वहिनी," तो म्हणाला, "जेवलो."