घाटोळे सरांची चुकवही

दुसऱ्याच्या हातून काही फुटलं की ज्याचा चेहरा उजळतो, असा एकच माणूस मी आजवर पाहिला. आमचे घाटोळे सर.

माझ्या नोकरीच्या पहिल्याच दिवशी माझ्या हातून काचेचं चंचुपात्र फुटलं. देवगडकडच्या गावातून लग्न करून मी नागपुरात आलेली, नवरा शहराबाहेरच्या वाडी भागात एका गोदामात कामाला, माझी शाळा आठवीत सुटलेली. असं असून एका शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून घेतलं, हेच मला खरं वाटत नव्हतं. मी खाली वाकून काचा वेचायला लागले. तेवढ्यात मागून टाळी वाजली.

"वा," सर म्हणाले. "आता सांगा ताई, काहून फुटलं?"

मी म्हटलं, चुकलं सर, परत नाही होणार. तर म्हणे, "ते नाही विचारलं मी. काहून फुटलं?" इकडे काहून म्हणजे का, हे उमगलं तेव्हा हात ओला होता, असं मी कसंबसं सांगितलं. ते इतके खूश झाले की मी जणू शोधच लावला होता. लगेच एक वही काढून म्हणाले, लिहा. मला लिहायची सवय नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच 'ओला हात' असं लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, नोकरी गेली नाही, उलट सही घेतली. तो म्हणाला, कशावर सही केलीस ते तरी बघितलंस का? मग रात्रभर माझा डोळा लागला नाही.

सर विज्ञान शिकवतात आणि नववीला आठवड्यातून दोन तास फोटोग्राफी. वर्गात कॅमेरा एकही नाही. डबे आहेत. पत्र्याच्या डब्याला सुईने भोक पाडायचं, आत फोटोचा कागद लावायचा, झाला कॅमेरा. या डब्यांपायी सरांनी नागपुरात कोणाला सोडलेलं नाही. लग्नाला गेले तर आहेराचं पाकीट देतात आणि आचाऱ्याकडून रिकामे डबे घेऊन येतात. मराठीच्या बाई आपला चहापत्तीचा डबा कपाटाला कुलूप लावून ठेवतात, कारण सर एकदा म्हणाले होते, "याचा प्रकाश मस्त येईन."

आणि ते 'काहून'. भाजीवाल्याला वांगी महाग काहून असं कोणीही विचारेल. सर विचारतात, वांगी जांभळी काहून? भाजीवाला हल्ली सर दिसले की बायकोला पुढे करतो.

फोटो चांगला आला तर सर मान डोलावतात, बस. गुण फोटोला नसतातच. गुण असतात फोटोमागच्या पानाला. पानावर तीन प्रश्न: काय ठरवलं होतं, काय झालं, काहून झालं. पोरं या पानांच्या वहीला चुकवही म्हणतात. ऋतुजा नावाच्या मुलीचं पान तर मला पाठच आहे. काय ठरवलं होतं: आत्याचा फोटो. काय झालं: आत्याला तोंड आलं नाही. काहून: फोटोला दोन मिनिटं लागतात आणि आत्या दोन मिनिटं बोलत होती. दहापैकी दहा. चिन्मयने साखरेचा डबा न धुता आणला, कागदाला मुंग्या लागल्या, फोटोत नुसती भोकं. त्यालाही दहापैकी दहा. चांगला फोटो आणणारी पोरं रडकुंडीला यायची, की सर, माझं काही चुकतच नाहीये.

मग डिसेंबरात सरांनी तो मोठा बेत काढला.

"पोरंहो, आपल्या नागपुरात एवढं ऊन पडते," ते वर्गात म्हणाले, "आणि सगळे त्याले शिव्या देतात. आपण त्याचा फोटो काढू. एकच फोटो. सहा महिन्यांचा."

वर्ग नुसता उसळला. बावीस डबे शाळेच्या गच्चीवर पूर्वेकडे तोंड करून कठड्याला बांधले. सूर्य रोज थोडा सरकून उगवतो, त्यामुळे कागदावर रोजची एक रेघ उमटणार, हिवाळ्यापासून पार उन्हाळ्यापर्यंत. पोरं तास नसला तरी गच्चीवर जाऊन डब्यांना हात न लावता नुसती बघून यायची. मुख्याध्यापिका बाईंनी मात्र सांगून ठेवलं होतं, यातून काही निघालं नाही तर हे दोन तास गणिताला. सरांनी गच्चीची किल्ली माझ्याकडे दिली. म्हणाले, "ताई, डबे तुमच्या हवाली."

हवाली म्हटल्यावर माझी झोप उडालीच. एप्रिलच्या शेवटी एका दुपारी आभाळ काळं झालं. सर दुसऱ्या गावी पेपर तपासायला गेलेले, शाळेला दुसऱ्या दिवसापासून सुट्टी, मला संध्याकाळची गाडी. आमच्या कोकणात पावसाआधी माणसं दिसेल ते झाकतात. लाकडं, शेणी, खिडक्या. आणि सरांनीच शिकवलं होतं की फोटोचा कागद जपायचा तर काळ्या पिशवीत. मी कपाटातल्या काळ्या पिशव्या घेतल्या, बावीसच्या बावीस डब्यांना घातल्या, सुतळीने आवळल्या आणि मोठ्या समाधानाने गावी गेले.

गावी आठवड्याभराने आई लाकडांवर प्लास्टिक ओढत होती. एका कोपऱ्यात तिला दिसेना, म्हणाली, अंधार झाला गो आत. माझ्या हातातलं टोक सुटलं. ऊन आत गेलं नाही तर फोटो कशाचा येणार? नागपुरातला अख्खा मे महिना, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो मी पिशवीत बांधून आले होते. सरांना फोन करावा म्हणून कितीदा नंबर काढला आणि ठेवला.

जूनच्या अखेरीस शाळा उघडली त्या दिवशी सगळ्यांच्या आधी मी गच्चीवर गेले, पिशव्या सोडल्या आणि कोणाला काही बोलले नाही. आठवडाभर जेव्हा जेव्हा सरांनी हाक मारली, तेव्हा तेव्हा मी झाडू घेऊन दुसऱ्याच खोलीत गेले. मग डबे खाली आले, आणि आता दहावीत गेलेली ती पोरंही प्रयोगशाळेत जमली. खिडक्यांचे पडदे ओढून सरांनी एकेक डबा उघडला.

गुलाबी-तपकिरी कागद आणि त्यावर शंभरावर गडद रेघा, एकीला एक लागून, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या मागून तिरक्या वर चढत गेलेल्या. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढली. ऋतुजा बोट न लावता हवेतच रेघा मोजायला लागली. मुख्याध्यापिका बाई दारातून डोकावल्या त्या आतच आल्या. मी कोपऱ्यात उभी. आणि मग चिन्मय म्हणाला, "सर, हे इथं कोरं काहून आहे?"

प्रत्येक कागदावर तेच. रेघा, रेघा, रेघा, मग बोटभर रुंद कोरा पट्टा, आणि पार कडेला परत दोन-चार रेघा.

पोरांचे तर्क सुरू झाले. धूळ बसली. कोराडीच्या वीजकेंद्राची राख उडून आली. कोणी म्हणालं, मे महिन्यात सूर्यही सुट्टीवर जातो.  सर डोळे बारीक करून पट्टा बघत होते. "बावीसही डब्यात एकाच दिवशी थांबलं अन् एकाच दिवशी सुरू झालं," ते हळूच म्हणाले. "काहून?"

मी म्हणाले, "माझ्यामुळे."

मग सगळं सांगितलं. ढग, काळ्या पिशव्या, गाव, आठवडाभराचं गप्प राहणं. बाईंकडे बघून म्हटलं, पोरांचे तास नका काढू, हवं तर मला काढा.  सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. टाळी वाजवली नाही.

"कागद जपाले काळी पिशवी," ते पोरांना म्हणाले. "मीच शिकवलं नं ताईले? मग ताईनं जपलं." आणि माझ्याकडे वळून, "लिहा."

यावेळी वही मी स्वतः घेतली.

बाईंनी एक कागद उचलून बराच वेळ पाहिला. पट्ट्यावर बोट ठेवून म्हणाल्या, म्हणजे ताई गावी गेल्या तेही फोटोत आलं. मग स्वतःशीच, "पण शेवटच्या रेघा अशा एकमेकींवर काहून?" आणि जीभ चावली. सगळा वर्ग हसला. तास राहिले.

पान लिहायला मला चार दिवस लागले. 'काय झालं' पर्यंत ठीक, 'काहून' पाशी पेन अडायचं. सरांना सांगितलं तर त्यांनी कपाटातून एक जुनी, पिवळी पडलेली चुकवही काढून दिली. माझी आहे, म्हणाले, पाहा कसं लिहितात ते.

मी पहिलं पान उघडलं. काय ठरवलं होतं: समीरच्या वाढदिवसाचे फोटो. काय झालं: कॅमेरा फुटला. समीरले मारलं. तो 'मी नाही फोडला' म्हणत होता. संध्याकाळी आठवलं, कॅमेरा टेबलाच्या काठावर मीच ठेवला होता. त्याले सांगितलं नाही.

समीर म्हणजे सरांचा मुलगा. बंगलोरला असतो, इतकंच आम्हाला ठाऊक. दिवाळीलाही कधी आलेला पाहिला नाही. पानावर तिसरा प्रश्न होता, काहून. त्याच्यापुढे जागा कोरी. आमच्या फोटोतल्या पट्ट्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मी वही परत दिली. गप्पच बसणार होते. पण इतक्या दिवसांत एक कळलं होतं, सगळ्या नागपूरला हा प्रश्न विचारणाऱ्या माणसाला तो कोणीच विचारत नाही.

"सर," मी म्हटलं, "पहिल्या पानावर काहून राहिलंय."

ते डबे पुसत होते. एक डबा पुसून झाला, दुसरा घेतला. त्याच्या भोकातून खिडकीकडे पाहिलं.

"लिहून राहिलो, ताई," ते म्हणाले. "अजून लिहूनच राहिलो."