सुधाकरभाऊंचे दोन पाट

सुधाकरभाऊ कोणाकडे गेले की बसण्याआधी खुर्ची उलटी करतात. तिचे चारी पाय वर करून पोटाकडे बघतात, सांध्यांवरून अंगठा फिरवतात, कुठे खिळा दिसला तर ‘च्च’ करतात आणि मग ती सरळ करून तिच्यावर बसतात. घरधनी तोवर पाण्याचा पेला घेऊन उभाच असतो. सौंसरमधले जाणकार लोक आता पाणी जरा उशिरानेच आणतात.

मुलीच्या सोयरिकीसाठी पांढुर्ण्याला एका घरी गेले होते, तेव्हाही त्यांनी हेच केलं. त्यांनी नवा कोरा सोफा एका बाजूने उचलून खाली वाकून पाहिलं आणि मुलाच्या वडिलांना विचारलं, “भाऊ, हे सागवान म्हणून दिलं का तुम्हाले? आतून सगळा प्लाय आहे.” सोयरीक तिथेच आटोपली. परतताना शोभाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, बसमध्ये खिडकीकडे तोंड फिरवून बसल्या. भाऊ मात्र शांत होते. “ज्याले सोफा पारखता येत नाही, तो सून काय पारखन?” असं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी कुंपणावरून सांगितलं.

आमची दोन्ही घरं एका भिंतीची. मी शाळेत शिकवते आणि शाळेचं टाइम-टेबलही करते. भाऊ पांढुर्ण्याला नळ-पाण्याच्या खात्यात बाबू आहेत आणि सौंसरहून रोज बसने जाणं-येणं करतात. घराण्यात कोणी सुतारकाम केलेलं नाही. वडिलांची रामाकोन्याला कपाशी आणि संत्र्यांची बाग होती, ती आता धाकटा भाऊ बघतो. ऑफिसातलं मोडकं टेबल दुरुस्त करायला एकदा एक मिस्त्री आला, भाऊ त्याच्याकडे बघत बसले आणि तेव्हापासून बिघडले, असा शोभाताईंचा हिशेब आहे.

त्यांचा कारखाना जिन्याखाली. तिथे रंधा, करवत, पटाश्या, गव्हाची कोठी आणि इन्व्हर्टर एवढे सगळे राहतात. भाऊंना तिथे उभं राहता येत नाही. ते वाकून आत शिरतात आणि बाहेर येताना डोक्यात भुसा घेऊन येतात. ऑफिसात लोकांना वाटतं, साहेबांना कोंडा झाला आहे.

त्यांना कमी पडतो तो वेळ. सोमवार ते शुक्रवार बस आणि ऑफिस. शनिवारी जामसांवलीला हनुमानाचं दर्शन, कारण शोभाताईंचा नेम आहे आणि स्कूटर भाऊंना चालवावी लागते. रविवारी बागेत चक्कर, नाहीतर कोणाचं तरी लग्न, नाहीतर आईचे गुडघे घेऊन डॉक्टर. या सगळ्याच्या फटीत ते म्हणतात, “दोन मिनिटं रंधा मारून येतो.” त्यांच्या दोन मिनिटांत शोभाताईंनी नजर ठेवायला सांगितलेलं दूध उतू जाऊन, ओटा पुसून, पुन्हा नवं दूध तापलेलं असतं.

बसमध्येही ते वेळ फुकट घालवत नाहीत. पिशवीत लाकडाचा एखादा तुकडा आणि रेगमाल असतो. रेगमाल म्हणजे लाकूड घासायचा खरखरीत कागद. खिडकीशी जागा मिळाली की यांचं घासणं सुरू. एकदा शेजारच्या गुरुजींच्या पांढऱ्या पँटवर सगळा भुसा पडला. कंडक्टर म्हणाला, “बाबूजी, आपल्या रोडवर धूळ कमी आहे का, तुम्ही घरून आणून राहिले?”

शेवटी ते माझ्याकडे आले. “वहिनी, तुम्ही अख्ख्या शाळेचं टाइम-टेबल बसवता. माझं एकट्याचं बसवून द्या न. मले टाइमच भेटत नाही.”

मी नीट बसवून दिलं. कोणती कामं टाळता येतात, कोणती दोन एकाच फेरीत होतात, कुठे अर्धा तास सांडतो, सगळं पाहून आठवड्यातून चार वेळा लाकडाला वेळ काढून दिला. भाऊ खूश झाले. महिन्याभराने मी विचारलं, काय काय झालं? त्यांनी मला जिन्याखाली बोलावलं. माझं टाइम-टेबल भिंतीवर लावलेलं होतं, सागवानी फ्रेममध्ये. कोपरे इतके चपखल जुळलेले की नखही शिरू नये. महिन्याचा सगळा वेळ त्या फ्रेमला लागला होता.

तर अशा माणसाने जाहीर केलं की मुलीच्या लग्नाचे पाट मी स्वतः करणार.

मुलगी म्हणजे मयुरी. हुशार, हसरी, छिंदवाड्याला बँकेत नोकरीला. तिची उंची मात्र कमी. दोन-तीन ठिकाणांहून ‘मुलगी छान आहे, पण...’ असा निरोप आला होता आणि ‘पण’नंतर काय ते कोणी बोललं नाही, तरी आम्हाला सगळ्यांना कळलं होतं. मग निखिलचं स्थळ आलं. मुलगा ताडमाड उंच आणि स्वभावाने सरळ. त्याला मयुरी आवडली आणि त्याने ते सांगायला दोन दिवसही घेतले नाहीत.

साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, दिवशी फोटो काढताना निखिलच्या आत्याबाई हसत हसत म्हणाल्या, “अगं बाई, नवरी तर फोटोत येऊनच नाही राहिली. तिले एक स्टूल द्या न कोणी!” सगळे हसले. मयुरीही हसली. भाऊ तेवढ्यात हात धुवायला उठून गेले.

पाटांची गोष्ट त्यांनी त्याच आठवड्यात काढली. त्यांच्याकडे अंतरपाट धरतात तेव्हा नवरा-नवरी पाटांवर उभे राहतात आणि ते पाट मुलीच्या घरचे असतात. भाऊंनी रामाकोन्याहून वडिलांच्या गोठ्याचं जुनं सागवानी दार आणलं आणि अंगणात टेकवून ठेवलं.

शोभाताई म्हणाल्या, “अवो, बाजारात रेडिमेड भेटतात. मोती लावलेले, लेस लावलेले.”

“मोत्यांवर उभी राहीन का माझी पोरगी? तिच्या आजोबाचं दार आहे हे. यावर उभी राहीन.”

“आणि नाही झालं तर?”

“काहून नाही होणार?”

शोभाताईंनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. त्यांचा पोळपाट पोरगी कॉलेजात असल्यापासून ‘होऊन राहिला’ होता.

लग्नाच्या तयारीची यादी माझ्याकडे होती. हॉल, मंडप, आचारी, पत्रिका, अहेराच्या साड्या. तिच्यात मी ‘पाट’ असं लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. शोभाताईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “वहिनी, एक रेडिमेड जोडी आणून तुमच्या कपाटात ठेवून द्या. यांना सांगू नका.” मी आणली. मोती आणि लेसवाली.

मग सुरू झाली भाऊंची धावपळ. ऑफिसातून सुटी मिळेना, पाहुण्यांकडे पत्रिका पोचवायच्या. पत्रिका द्यायला जायचे तिथे खुर्ची उलटी करायचे, मग पत्रिका द्यायचे, आणि चहा येईपर्यंत खिशातून लाकडाची पट्टी काढून घासायचे. एका घरी म्हाताऱ्या मावशींनी विचारलं, “काय रे सुधाकर, पोरीचं लग्न आहे की रंध्याचं?” हॉलवाल्याशी बोलताना, आचाऱ्याला मेनू सांगताना हात चालूच. आचाऱ्याने बुंदीचं विचारलं तेव्हा म्हणाले, “एकदम गुळगुळीत पायजे.”

मी रोज विचारायची, “भाऊ, पाट?”

“होऊन राहिले, वहिनी.”

या उत्तराची मला धास्ती होती. कपाटातल्या मोत्यांवर मी एकदा हातही फिरवून घेतला.

लग्नाच्या दिवशी सकाळी भाऊ जुन्या चादरीत काहीतरी गुंडाळून हॉलवर आले. चादर सोडली आणि मी बघतच राहिले. त्या काळपट, ऊन-पाऊस खाल्लेल्या दाराच्या आत असं मधाच्या रंगाचं लाकूड असेल असं वाटलं नव्हतं. चारी कडांना वेल, कोपरे गोल, खिळा एकही नाही. मी यादीतलं प्रश्नचिन्ह खोडलं आणि दोन्ही पाट स्टेजवर समोरासमोर मांडले.

मांडले आणि मला दिसलं. एक पाट दुसऱ्यापेक्षा चांगला आठ बोटं उंच होता.

मी भाऊंना गाठलं. “भाऊ, एक पाट उंच झालाय.”

“हाव.”

“नवरीचा.”

“हाव.”

“अहो, माप चुकलं का?”

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “वहिनी, तुम्ही अक्षता वाटून घ्या न.”

एवढ्यात वऱ्हाड आलं आणि आत्याबाईंची नजर सगळ्यांच्या आधी पाटांवर गेली. “हे काय व? नवरीचा पाट उंच, नवरदेवाचा बुटका? आमच्या पोराले खाली उभं करून राहिले का तुम्ही?” आवाज चढा होता. चार लोक जमले. निखिलच्या वडिलांच्या कपाळाला आठी आली. लग्नात भांडण अशाच गोष्टीवरून लागतं आणि मग पंगतीपर्यंत पुरतं. शोभाताईंचा चेहरा उतरला.

मी भाऊंच्या कानात म्हटलं, “माझ्याकडे रेडिमेड जोडी आहे. दोन्ही सारखे. घर जवळ आहे, आता आणते.”

“नाही,” ते म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी मला एवढं तुटक कधी उत्तर दिलं नव्हतं.

मग पुढे होऊन त्यांनी आत्याबाईंना हात जोडले. “चुकलं माझं, ताई. तुम्हाले कमी दाखवायचं नव्हतं. हौशी माणूस आहो मी, सुतार नाही. ऑफिस, बस, धावपळ. टाइम भेटला नाही आणि माप चुकलं. आता बदलत बसलो तर मुहूर्त जाईन.”

झालं! हॉलमध्ये ज्यांच्या ज्यांच्या खुर्च्या त्यांनी आजवर उलट्या केल्या होत्या, त्या सगळ्यांचा तो दिवस होता. चुलतभाऊ म्हणाला, “दुसऱ्याच्या सोफ्यात प्लाय शोधते आणि याले दोन पाट सारखे नाही जमले!” कोणी म्हणालं, “सुधाकर, तुझं टाइम-टेबल फ्रेममध्येच राहिलं वाटते.” आत्याबाईसुद्धा हसल्या आणि हसल्या म्हणजे राग गेला. भाऊही मान खाली घालून हसत होते. “हाव बाप्पा, चुकलंच,” म्हणत होते. ज्याच्या फ्रेमच्या कोपऱ्यात नख शिरत नाही, तो माणूस.

भटजींनी घाई केली. मयुरी मामाचा हात धरून आली आणि तिच्या पाटावर चढली. निखिल समोरच्या पाटावर. मध्ये अंतरपाट. मंगलाष्टकं झाली, अक्षता उडाल्या, अंतरपाट खाली आला.

मयुरीचे डोळे सरळ निखिलच्या डोळ्यांत होते. तिला टाचा उंचवाव्या लागल्या नाहीत, त्याला वाकावं लागलं नाही. तिने हार उचलला आणि आरामात त्याच्या गळ्यात घातला. फोटोवाला एका जागेवरून फोटो काढत होता, दोन्ही चेहरे बरोबर एका रेषेत. चुकलेलं माप इतकं नेमकं येत नाही. ते कधी घेतलं असेल कोण जाणे. भाऊंनी साक्षगंधाच्या दिवशी दोघांना शेजारी उभं पाहिलं होतं, त्यांना तेवढं पुरलं असेल. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते स्टेजच्या कडेला, पंख्याच्या वायरवर कोणाचा पाय पडू नये म्हणून वाकून ती बाजूला करत होते.

संध्याकाळी पाठवणी झाली. गाडीत बसता बसता मयुरी थांबली. “बाबा, माझा पाट मी नेऊन राहिली.”

“अगं, जोडी तुटते न.”

“तुटू द्या.” तिने तो उंच पाट स्वतः उचलला, मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी धरून बसली. रडली ती गाडी निघाल्यावर.

हॉल रिकामा झाला. मांडववाले खुर्च्यांची चवड लावत होते. शोभाताई बायकांमध्ये डोळे पुसत होत्या. भाऊ उरलेल्या पाटावर, स्टेजच्या पायरीशी एकटेच बसले होते.

“वहिनी,” त्यांनी मला हाक मारली, “यादीत काही राहिलं का? माझ्यासाठी काही काम?”

मी यादी पाहिली. आचारी, मांडव, भांडी, पाहुण्यांच्या गाड्या, सगळं झालेलं होतं. भाऊ वर माझ्याकडे बघत होते.

“आमच्या स्वयंपाकघराचं दार घासतं,” मी म्हटलं.

“कुठून? वरून की खालून?”

“वरून.”

“उद्या येतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळीच रंधा घेऊन आले. ते दार कधीच घासत नव्हतं. त्यांनी एकदा लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग स्टुलावर चढले आणि वरच्या कडेवरून रंधा एकदाच, अगदी हलक्या हाताने ओढला. कांद्याच्या पापुद्र्याएवढी पातळ साल खाली पडली.

“हाव वहिनी,” ते म्हणाले, “घासून राहिलं होतं थोडंसं.”

मी चहा ठेवला. चहा होईपर्यंत ते दार लावत होते आणि उघडत होते.